धुळीच्या कणातलं ग्रंथालय



दिवाळी आली की आपल्या फोनवर एक सूचना हमखास येते : जागा संपत आली आहे. तिकडून किल्ल्यांचे फोटो, चकल्यांचे व्हिडिओ आणि भाऊबीजेच्या ओवाळणीची रेकॉर्डिंग येतात. इकडून आपण समुद्रकिनाऱ्यावरची मुलं आणि जॅकरंडाचा जांभळा सडा पाठवतो. मग रात्री बसून काय पुसायचं आणि काय ठेवायचं याचा निवाडा सुरू होतो. पूर्वी घरात साठवणीची खोली असे. लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे आणि वर्षाचे गहू तिथे राहत. आता ती खोली खिशात आली आहे आणि तीही अपुरी पडते आहे.

म्हणून यंदाच्या सदरात ही खोली किती मोठी होऊ शकते ते पाहू. संगणकाची माहिती साठवण्यासाठी शास्त्रज्ञांनी फार चमत्कारिक जागा शोधल्या आहेत : एकेकटे अणू, काचेची चकती, आणि आपल्या पेशींत असलेला डीएनए.

आधी थोडं अंकगणित. संगणकाला फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच कळतं, म्हणजे १ आणि ०. अशा एका खुणेला बिट म्हणतात, आणि ८ बिटांचा एक बाइट. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला आज बहुतेक ठिकाणी ३ बाइट लागतात. ‘आई’ हा शब्द २ चिन्हांचा, म्हणजे ६ बाइट किंवा ४८ बिटांचा. हे ४८ होय-नाही कशावर लिहायचे, एवढाच खरा प्रश्न. ज्या वस्तूच्या दोन वेगळ्या अवस्था ओळखता येतात, ती कोणतीही वस्तू पाटीचं काम करू शकते.

अशी एक विचित्र पाटी आपल्यापासून दीड तासाच्या अंतरावर, सिडनीत, वापरली गेली होती. ऑस्ट्रेलियाचा पहिला संगणक ‘सीसिरॅक’ १९४९ साली सिडनीत चालू झाला. त्याची स्मृती होती पाऱ्यात! पाऱ्याने भरलेल्या नळीच्या एका टोकाला ध्वनीचे ठोके द्यायचे. ते पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचले की ऐकायचे आणि पुन्हा पहिल्या टोकाला पाठवायचे. ठोका आला तर १, नाही आला तर ०. वर्गात पाढे घोकून घेताना मी मुलांना सांगत असे, म्हणत राहाल तोवर लक्षात राहील. सीसिरॅकचं तंतोतंत तसंच होतं. घोकणं थांबलं की सगळं विसरला. त्याची क्षमता होती प्रत्येकी २० बिटांचे ७६८ शब्द, म्हणजे दोन हजार बाइटांहूनही कमी. मराठीत काना-मात्रा धरून ६४० चिन्हं, या लेखातला जेमतेम एक परिच्छेद. तो संगणक आज मेल्बर्नच्या सायन्सवर्क्स संग्रहालयात आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा पाऱ्याच्या नळ्या जरूर दाखवा.

मुंबईची गोष्टही अशीच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. त्याची स्मृती फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या बारीक काळपट मण्यांची होती. मणी तारांच्या जाळीत ओवायचे. प्रत्येक मणी उलटा किंवा सुलटा चुंबकित होतो, तोच त्याचा १ किंवा ०. टिफ्रॅकची क्षमता ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे ८१,९२० बिट. प्रत्येक बिटाला एक मणी! मंगळसूत्राचे काळे मणी ओवून पाहिलेल्या बाईला या कामातली चिकाटी वेगळी समजावून सांगायला नको. जगभर असे मणी ओवण्याचं काम बहुतांशी बायकांनीच केलं.

पारा काय, मणी काय, आज हे सगळं गमतीचं वाटतं. पण त्या त्या वेळी त्या गंभीरपणे केलेल्या कल्पना होत्या. तेव्हा आता ज्या कल्पना सांगणार आहे त्यांना लगेच हसू नका.

२९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियात रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने एक व्याख्यान दिलं. तळाशी अजून भरपूर जागा शिल्लक आहे, असा त्याचा आशय. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे तेव्हाचे २४ खंड टाचणीच्या डोक्यावर का लिहू नयेत, असं त्यांनी विचारलं. मग ते आणखी पुढे गेले. एका बिटासाठी १२५ अणूंचा ठोकळा वापरला, तर जगातली त्यांच्या अंदाजाने २ कोटी ४० लाख महत्त्वाची पुस्तकं इंचाच्या दोनशेव्या भागाएवढ्या कणात मावतील, असा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा धुळीचा कण. आपण दिवाळीत झाडून टाकतो त्यातला एक!

२०१६ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हे खरोखर करून पाहिलं गेलं. तांब्याच्या पृष्ठभागावर क्लोरीनचे अणू पसरले. मध्ये काही जागा रिकाम्या राहिल्या. एका अतिसूक्ष्म सुईने अणू इकडून तिकडे सरकवायचा : अणू या घरात असेल तर १, शेजारच्या घरात असेल तर ०. लहानपणी खेळायचो त्या सरकत्या चौकोनांच्या कोड्यासारखं. अशा ८,००० बिटांत त्यांनी फाइनमन यांच्या त्याच व्याख्यानाचा तुकडा लिहिला. या दाटीने लिहिलं तर माणसाने आजवर लिहिलेली सगळी पुस्तकं एका पोस्टाच्या तिकिटावर बसतील, असं त्यांनी म्हटलं. अडचण एवढीच, की अणू जागचे हलू नयेत म्हणून ती पाटी उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, आणि लिहिणं अतिशय संथ. म्हणजे हे अजून घरी आणण्यासारखं नाही.

दुसरी कल्पना प्रकाशाची. सीडीवर आपण एकाच थरात ठिपके लिहितो. २००९ साली मेल्बर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कांड्या वापरल्या. लांबी, रुंदी, खोली या तीन मितींत त्यांनी आणखी दोन मिळवल्या : प्रकाशाचा रंग आणि त्याच्या कंपनाची दिशा. समुद्रावर आपण पोलराइज्ड गॉगल लावतो तेव्हा पाण्यावरची चकाकी कमी होते, कारण तो गॉगल विशिष्ट दिशेने कंपन पावणारा प्रकाश अडवतो. हाच गुण वापरून एकाच जागी एकावर एक अशा अनेक नोंदी करता येतात. निळ्या रंगाने विचारलं तर एक उत्तर, लाल रंगाने विचारलं तर दुसरं.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने पाच मितींची हीच युक्ती वेगळ्या रीतीने क्वार्ट्झच्या काचेत वापरली. अतिवेगवान लेसरने काचेच्या आत बारीक खुणा कोरायच्या. एका चकतीत ३६० टेराबाइट मावतील, आणि १९० अंश तापमानातही त्या १,३८० कोटी वर्षं टिकतील, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाइतकी, असा त्यांचा २०१६ सालचा हिशेब. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सुपरमॅन’ हा १९७८ सालचा अख्खा चित्रपट साडेसात सेंटीमीटर चौरस काचेत लिहिला. ती काच खोबऱ्याच्या वडीपेक्षा जरा मोठी आणि २ मिलीमीटर जाड. मग तिची परीक्षा घेतली ती ऐकण्यासारखी आहे. ओव्हनमध्ये भाजली, पाण्यात उकळली, मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तारेच्या घासणीने घासली. चित्रपट शाबूत! आपल्या स्वयंपाकघरातल्या फार थोड्या वस्तू एवढं सोसतील.

तिसरी कल्पना सगळ्यांत जवळची, कारण ती आपल्या अंगातच आहे. डीएनए हा चार रासायनिक अक्षरांचा लांबलचक धागा. त्या अक्षरांना ए, सी, जी, टी म्हणतात. आता ठरवून टाकू, की ००ला ए, ०१ला सी, १०ला जी आणि ११ला टी म्हणायचं. मग ‘आई’चे ४८ बिट २४ अक्षरांत बसतात. त्यातला ‘आ’ होतो : टीजीएए जीजीसीए जीएसीजी. आणि ‘ई’ : टीजीएए जीजीसीए जीएजीए. हा धागा प्रयोगशाळेत रसायनांपासून तयार करता येतो. त्यासाठी कुठल्याही जिवंत प्राण्याची गरज नसते. कोरडा करून कुपीत ठेवला की झालं. वाचायचा तेव्हा आजारांच्या तपासणीसाठी वापरतात तसल्याच यंत्राने वाचायचा.

२०१२ साली हार्वर्डच्या जॉर्ज चर्च आणि सहकाऱ्यांनी ५३ हजार शब्दांचं पुस्तक असं लिहिलं. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये निक गोल्डमन यांच्या गटाने शेक्सपिअरची सगळी १५४ सुनीतं आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा आवाज साठवला. २०१७ साली यानिव्ह अर्लिक आणि डिना झिएलिन्स्की यांच्या पद्धतीची घनता निघाली एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट. हे केवढं? १२८ गिगाबाइटचे १६ लाखांहून जास्त फोन भरतील एवढं, आणि वजन चिमूटभर मिठाचं.

मग दुकानात का मिळत नाही? कारण अर्लिक यांना सुमारे २ मेगाबाइट लिहायला ७ हजार डॉलर लागले आणि वाचायला आणखी २ हजार. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने लिहिणं-वाचणं हे सगळं आपोआप करणारं यंत्र बनवलं. त्याने ‘हेलो’ हा एक शब्द डीएनएत लिहून परत वाचला. वेळ लागला २१ तास! आपल्या फोनची जागा यंदा तरी डीएनए देणार नाही. हे साठे आधी उपयोगी पडतील ते मोठ्या संस्थांना, जिथे लिहायचं एकदा आणि वाचायचं क्वचित.

या सगळ्या प्रकारांत एक घोटाळा सारखा होतो. लिहिताना-वाचताना अक्षरं चुकतात, गळतात. उपाय काय? गोल्डमन यांच्या पद्धतीत प्रत्येक तुकडा चार वेगवेगळ्या धाग्यांवर येतो. चारांची तुलना करून चूक पकडायची. मराठी माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. ज्ञानेश्वरी १२९० साली लिहिली गेली. पुढच्या तीनशे वर्षांत हातांनी नकला होताना तीत चुका शिरल्या, पदरच्या ओव्या घुसल्या. संत एकनाथांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. आणि कोणी यात आपल्या ओव्या घालू नयेत असंही बजावलं. प्रती अनेक होत्या म्हणूनच शुद्ध करता आली. एकच प्रत असती तर चूक कोणती आणि मूळ कोणतं हे नाथांनाही कसं कळलं असतं?

इथवर साठवण झाली. पण साठवलेलं वाचणार कशावर? इंग्लंडमध्ये १०८६ सालची डूम्सडे नावाची जमिनींची नोंदवही आहे. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नव्या काळाची तशीच नोंद लेझर तबकड्यांवर केली. अवघ्या १५-१६ वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली. मजकूर सोडवायला संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. ९०० वर्षांपूर्वीचं चामड्याच्या पानांचं पुस्तक मात्र वाचता येतच होतं. आपल्यापैकी किती जणांकडे लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे आणि ती लावायचं यंत्र नाही? कॅसेट बिचारी तिच्या जागी बरी आहे. तिला वाचणारं कोणी उरलं नाही.

यावरचा उपाय शोधण्यात आपल्या वॉलॉंगॉंगचाही हातभार आहे. १९७७ साली इथल्या विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली तिच्या मूळ जातीच्या संगणकावरून इंटरडेटा नावाच्या अगदी वेगळ्या बनावटीच्या संगणकावर आणली. असं स्थलांतर जगात प्रथम झालं त्या जागांपैकी ही एक. लिहिलेलं एका यंत्राला बांधलेलं नसावं, ते उचलून दुसऱ्यावर नेता यावं, हा त्यातला धडा. ते मूळ यंत्र केव्हाच अडगळीत गेलं. युनिक्सची वंशावळ मात्र आज बहुतेकांच्या खिशातल्या फोनमध्ये चालू आहे. स्थलांतर करून टिकणं हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला नको.

डीएनएची खरी जमेची बाजू मला इथेच दिसते. लेझर तबकडी वाचणारं यंत्र माणूस विसरेल. पण माणसाला आजार आहेत तोवर डीएनए वाचणारं यंत्र कुठे ना कुठे असणारच.

आता आपल्या घरातला हिशेब करू. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या पुण्यातल्या दोन अभ्यासकांनी अनेक सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं खेड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारापेक्षा जास्त गावं आणि लाखापेक्षा जास्त ओव्या. बर्नार्ड बेल यांनी कित्येक बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून हा खजिना ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात सगळ्यांसाठी खुला होत गेला. एका ओवीला ढोबळपणे १२० चिन्हं धरली, तर लाख ओव्यांच्या मजकुराला जागा लागेल ३६ मेगाबाइट. भाच्याच्या वाढदिवसाचा मिनिटभराचा चांगला व्हिडिओ याहून जास्त जागा खातो. अख्ख्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९ हजार ओव्या तर फोनवरच्या एका फोटोत बसतील.

म्हणजे महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी रचलेलं एवढं मोठं साहित्य हरवण्याच्या बेताला आलं होतं, ते जागा कमी पडली म्हणून नव्हे. विजेची गिरणी आली, पहाटेचं दळण संपलं आणि जातं कोपऱ्यात गेलं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात साठवणीचं सगळं शास्त्र आहे. ओवी त्या बाईच्या मनात साठवलेली होती, आणि जातं हे ती वाचणारं यंत्र होतं. यंत्र थांबलं तशी ओवीही ओठांवर येईनाशी झाली. गिरणीने त्या बायकांच्या पाठीचे कष्ट वाचवले, हे फार चांगलं झालं. पण कोणी वेळेवर जाऊन, समोर बसून, ‘मावशी, म्हणा ना’ असं विचारलं नसतं, तर लाख ओव्या त्या घरांतच विरून गेल्या असत्या.

परदेशातल्या घरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. आजीची पत्रं आपण जपून आणली, वाटल्यास ती क्वार्ट्झच्या काचेत कोरून १,३८० कोटी वर्षं ठेवू. पण घरातल्या नातीला देवनागरी वाचता येत नसेल, तर तिच्यासाठी ती पत्रं त्या लेझर तबकडीसारखीच. भाषांतराची यंत्रं अर्थ सांगतील. पण पत्राच्या शेवटी ‘पोरी, जिवाला जप’ असं लिहिताना आजीचं अक्षर का हललं, ते यंत्राला विचारायची सोय नाही. आपल्या आठवणी वाचणारं यंत्र म्हणजे आपली मुलं. ते काच बनवणाऱ्या कंपनीने द्यायचं नाही, ते घरातच घडवायचं आहे. दहा वर्षांच्या मुलाने रोज ५ मिनिटं मोठ्याने मराठी वाचलं, तर वर्षाचे ३० तास होतात. तेवढ्यात पत्र वाचता येईल इतपत मजल नक्की गाठता येते.

या दिवाळीपुरतं एक सुचवते. फराळ झाल्यावर, आपल्याकडे संध्याकाळचे ७ वाजले की तिकडे दुपारचा दीड वाजलेला असतो, जेवणं उरकलेली असतात. घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला फोन लावा. आजी असेल, काकू असेल, शेजारच्या मावशीही चालतील. एक ओवी, एक उखाणा किंवा एखादं अंगाईगीत म्हणायला सांगा. रेकॉर्ड करा. फाइलला त्यांचं नाव, गाव आणि साल द्या, नाहीतर दहा वर्षांनी हा आवाज कोणाचा ते कोणालाच सांगता येणार नाही. तीन प्रती ठेवा : एक इथे, एक भारतात, एक इंटरनेटवर. दर पाच वर्षांनी फोन बदलताना त्या नव्या जागी हलवा. आणि ऐकलेलं सगळं वहीत देवनागरीत उतरवायला घरातल्या मुलाला बसवा. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, चुकू द्या. शुद्ध नंतर करता येतं. त्यासाठी आधी प्रत असावी लागते.